रविवारच्या पलीकडची संघटना

पहाटे 5

मी आरोग्यसेविका आहे. जामनेर तालुक्यात, पहूरच्या परिसरातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक आहे. मी कॅथलिक आहे आणि आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, महिला मंडळाची चिटणीसही आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर मंडळाची सभा आहे. कॅथलिक प्रापंचिक महिलांच्या संघटना कशा उभ्या राहिल्या आणि आज त्यांचं काम काय, यावर मला बोलायचं आहे. म्हणून आजच्या बुधवारी पिशवीत दोन वह्या आहेत. एक लसीकरणाची, दुसरी भाषणाच्या टिपणांची.

प्रापंचिक म्हणजे ज्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतलेली नाही आणि ज्या कुठल्या मठात धर्मभगिनी म्हणूनही गेलेल्या नाहीत, अशा आम्ही सगळ्या. नोकरी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, मुलांचे डबे भरणाऱ्या. चर्चमध्ये आमचीच संख्या मोठी आणि आमच्याबद्दल लिहिलं गेलेलं सर्वांत कमी.

आगमनकाळ सुरू झालाय, नाताळ जवळ आला. सकाळची प्रार्थना थोडक्यात आटोपते आणि कळण्याच्या भाकरी थापायला घेते. आदल्या रात्री भाजून ठेवलेल्या वांग्यांचं भरीत फोडणीला पडतं. सहाच्या आत स्वयंपाक झाला नाही तर पुढचा सगळा दिवस घसरतो.

सकाळी 6.30

मुलगा शाळेची तयारी करतोय तोवर टिपणं काढून बसते. सुरुवात घरापासून करायची ठरवली आहे.

माझं माहेर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं. तिथल्या खेड्यांत जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी शाळा आणि चर्च उभारली. त्यातल्याच फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये केंदळ या खेड्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. ते आजही निघतं. आमच्या घरी ते यायचं आणि आजी ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, कारण तिला अक्षरओळख नव्हती.

याच 1903 साली जर्मनीत कोलोन शहरात कॅथलिक महिलांचा संघ स्थापन झाला. 1906 मध्ये इंग्लंडमध्ये मार्गारेट फ्लेचर यांनी कॅथलिक विमेन्स लीग सुरू केली. 1910 मध्ये वेगवेगळ्या देशांतले असे संघ एका छताखाली आले. पुढे 1952 मध्ये त्या छत्राला कॅथलिक महिला संघटनांचा जागतिक महासंघ हे आजचं नाव मिळालं आणि 2006 मध्ये व्हॅटिकनने त्याला अधिकृत संस्थेचा दर्जा दिला. कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुली, शहरात एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, शिक्षण, मतदानाचा हक्क असे त्या काळचे प्रश्न होते. प्रार्थना तर होतीच. पण एकत्र येण्याची निकड रोजच्या जगण्यातून आली होती, हे मला सभेत ठासून सांगायचं आहे.

खानदेशात आम्ही थोडे आहोत. जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक आणि नगर हे जिल्हे मिळून नाशिक धर्मप्रांत होतो. पुणे धर्मप्रांतातून तो 1987 मध्ये वेगळा झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. पाच जिल्ह्यांच्या पसाऱ्यात विखुरलेली घरं एकमेकांना धरून राहायची तर फक्त रविवारच्या गाठीभेटी पुरत नाहीत.

सकाळी 8.30

उपकेंद्राचं कुलूप उघडते. आशाताई आधीच येऊन अंगण झाडून उभ्या. आज लसीकरण सत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लशींची पेटी आली. झाकण उघडून चार बर्फाचे पॅक नीट बसलेत का, कुपीवरचं तापमानाचं चिन्ह ठीक आहे का, हे पाहते. यादी काढते. दीड महिन्याची बाळं, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची, नऊ महिन्यांना गोवर-रुबेला.

यादीतल्या सगळ्या आया येणार नाहीत, हे मला माहीत आहे. कापसाची वेचणी जोरात आहे. किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे सकाळचा एक तास गेला की तेवढे पैसे गेले. पहाट फुटताच बायका शेतात असतात. ज्या येणार नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळी निरोप द्यायचा आणि पुढचं सत्र चुकणार नाही असं बघायचं.

सकाळी 9.30

पहिलं बाळ आजीच्या मांडीवर. आजी विचारते, “सिस्टर, पोरीले ताप येईन का?”

“येईल आजी, थोडा येईल. गोळीचा चौथा भाग दिलाय तो द्या. सुईच्या जागी काही चोळू नका.”

मग ठरलेल्या चार गोष्टी सांगायच्या. आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास झाला तर काय करायचं, पुन्हा कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. त्यानंतर अर्धा तास इथेच थांबवायचं. गोवर-रुबेलाची कुपी एकदा तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून नऊ महिन्यांची दोन-तीन बाळं जमेपर्यंत मी आशाताईंना घरोघर पिटाळते.

मधल्या अर्ध्या तासात एक नाव मनात घोळत राहतं, डॉ. मेरी ग्लोरी. रविवारच्या भाषणाचा कणा तेच नाव आहे.

मेरी ग्लोरी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात 1887 मध्ये जन्मल्या आणि मेलबर्नला डॉक्टर झाल्या. 1916 मध्ये तिथे कॅथलिक विमेन्स सोशल गिल्ड स्थापन झाली. कॅथलिक विमेन्स लीग या नावाने ती पुढे चालली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मेरी ग्लोरी. तेव्हा त्या धर्मभगिनी नव्हत्या. दवाखाना चालवणाऱ्या एक प्रापंचिक स्त्री होत्या. त्याच सुमारास अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर बाईंच्या कामाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही म्हणून भारतात बायका आणि बाळं कशी दगावतात, हे तिच्यात लिहिलेलं होतं. 1920 मध्ये मेरी ग्लोरी जहाजाने भारतात आल्या आणि गुंटूरला धर्मभगिनी झाल्या.

तिथे वेगळीच अडचण होती. त्या काळी चर्चच्या नियमांनुसार धर्मभगिनींना वैद्यकीय व्यवसाय, विशेषतः बाळंतपण करायला मनाई होती. मेरी ग्लोरींना पोपकडून खास परवानगी मिळाली. सर्वांसाठीची ही आडकाठी 1936 मध्ये दूर झाली. 1943 मध्ये त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभी केली. ती आज कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने देशभर काम करते. 1957 मध्ये बंगळूरला त्यांचं निधन झालं.

आमच्या मंडळातल्या किती जणींना हे नाव ठाऊक असेल? मलाही नर्सिंगच्या शिक्षणात ते कोणी सांगितलं नव्हतं. महिलांच्या संघटनेची पहिली अध्यक्ष गुंटूरच्या बाळंतिणींच्या खाटेपर्यंत पोहोचली, हा आमच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा धागा आहे.

दुपारी 1

सत्र संपलं. सुया तोडून डब्यात, कुपींची मोजदाद, नोंदी रजिस्टरात आणि मग मोबाइलच्या अ‍ॅपवर. नेटवर्क येतं-जातं, म्हणून कागदावरची नोंद आधी.

आशाताई आणि मी डबे उघडतो. त्यांच्या डब्यात शेवभाजी, माझ्यात भरीत. दोन्ही डब्यांतलं दोघींच्या ताटात. त्या विचारतात, “रविवारी काय बोलणार ताई तुम्ही?”

मी सांगते. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी परिषद झाली, दुसरी व्हॅटिकन परिषद. पहिली दोन वर्षं तिथे एकही बाई नव्हती. 1964 च्या सप्टेंबरपासून बायकांना श्रोत्या म्हणून बोलावलं. एकूण 23 जणी झाल्या, 10 धर्मभगिनी आणि 13 प्रापंचिक. त्यांत महिला महासंघाच्या अध्यक्षा, स्पेनच्या पिलार बेलोसियो होत्या. सभागृहात बोलायची मुभा नव्हती, पण उपसमित्यांमध्ये या बायकांनी आपलं म्हणणं मांडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. माझ्या सासूबाईंच्या पिढीला ते वर्ष मुंबईच्या त्या सोहळ्यामुळे लक्षात आहे.

18 नोव्हेंबर 1965 ला परिषदेने प्रापंचिकांच्या कार्याविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याचा गाभा असा, की प्रापंचिकाचं धर्मकार्य जगाच्या व्यवहारात घडतं : घरात, कामाच्या ठिकाणी, समाजात. आणि स्त्रियांचा समाजातला सहभाग वाढतो आहे, तर चर्चच्या कार्यातही तो वाढला पाहिजे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

आशाताई जेवता जेवता म्हणतात, “मग आज सकाळी आपण जे केलं ते तुमच्या चर्चचंच काम झालं की.”

मी होकार देते. लस देताना मी कुणाचा धर्म पाहत नाही, पाहायचाही नसतो. तरी हे काम मी माझ्या श्रद्धेने करते. आशाताईही त्यांच्या श्रद्धेनेच करतात.

दुपारी 2.30

गृहभेटी. कापसाच्या शेताच्या बांधावर एक गरोदर बाई वेचणी थांबवून येते. सातवा महिना. हिमोग्लोबिन मागच्या वेळी नऊच्या आत होतं, अकराच्या वर हवं. लोहाच्या गोळ्या घेतेस का म्हटल्यावर ती खाली बघते. मळमळ होते म्हणून बंद केल्या. रात्री जेवणानंतर घे, चहासोबत घेऊ नको, शेंगदाणा-गुळाचा लाडू खा, असं सांगून तिच्या सासूलाही तेच बजावते. गोळी डब्यात राहते की पोटात जाते, हे बहुतेक घरांत सासू ठरवते.

पुढच्या घरी पहिलटकरीण. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे खात्यावर आले नाहीत. आधार कार्डावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. नाव दुरुस्त करायला तालुक्याला जावं लागेल. तिच्यासोबत कोण जाणार, हाच प्रश्न. मी तिची वाडीतल्या बचत गटाच्या ताईंशी गाठ घालून देते. महिन्यातून एकदा त्या जामनेरला बँकेत जातात, तेव्हा हिलाही नेतील.

गावात महिलांचा कुठलाही गट असो, त्याची खरी ताकद अशा वेळी कळते. सोबत कोण येणार या प्रश्नाला गटाकडे उत्तर असतं.

दुपारी 4.30

परतीच्या वाटेवर वाघूर नदीच्या पुलाजवळ फोन वाजतो. आमच्या समाजातलीच बाई. नवरा वारला आहे. दीर म्हणतो, ख्रिस्ती असलो तरी घर मुलालाच, मुलीचा काही हक्क नाही. ती रडत विचारते, “ताई, खरं आहे का हे?”

“खोटं आहे. मृत्युपत्र केलं होतं का त्यांनी?”

“नाही.”

मग मी तिला समजावते. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील, तर विधवेला एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा अगदी सारखा. दिराचा त्यात काही भाग नाही. पुढची कागदपत्रं वकिलाला दाखवू, मंडळातल्या दोघी तुझ्यासोबत येतील.

हा हक्क सगळीकडे सहज मिळाला नाही. केरळच्या जुन्या त्रावणकोर भागात 1916 चा वेगळा कायदा होता. त्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच मिळे. कोट्टयमच्या मेरी रॉय या शिक्षिकेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1986 मध्ये त्या जिंकल्या.

घटस्फोटाचा कायदा तर 1869 चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. मारहाण एकटी पुरेशी धरली जात नव्हती. 1995 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि 1997 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात ही विषमता घटनाबाह्य ठरवली. ख्रिस्ती महिला संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. अखेर 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. स्त्री-पुरुषांना समान कारणं मिळाली. खटला चालू असताना बायकोला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून जास्त पोटगी देता येत नसे, ती मर्यादाही गेली.

चर्चच्या दृष्टीने विवाह हा पवित्र संस्कार आहे आणि कॅथलिक म्हणून मीही ते मानते. पण मार खाणाऱ्या बाईला संरक्षण देणारा कायदा आणि विवाहाचं पावित्र्य यांत मला विरोध दिसत नाही. घरातली मारहाणच त्या पावित्र्याला तडा देते.

वारसाहक्काचा कायदा इतका जुना, तरी फोन करणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचला नव्हता. एक बाई न्यायालयात लढून निकाल मिळवू शकते. तो निकाल भुसावळ, चाळीसगाव, पहूरच्या घरात पोहोचवायचा तर संघटनाच लागते. तिच्या असण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच वाटतं.

संध्याकाळी 6

घरी. वेचणीवरून बायका परतल्यात, म्हणून आधी शेजारच्या गल्लीत सकाळी न आलेल्या दोन आयांना निरोप देऊन येते. मग चहा, मुलाचा गणिताचा गृहपाठ, रात्रीची खिचडी. नवऱ्याने भाजी निवडून ठेवली आहे. ही सवय त्याला लग्नानंतर लागली. मुलाला ती आधीपासून लागावी म्हणून तांदूळ धुण्याचं काम त्याच्याकडे आहे.

रात्री 8

मंडळाच्या कार्यकारिणीची फोनवर बैठक. कुणी भुसावळहून, कुणी जळगावहून, मी पहूरहून. नाताळचा गोठा कोण सजवणार, केक आणि करंज्यांची ऑर्डर, गायनवृंदाच्या साड्या. पाऊण तास त्यातच जातो. हे सगळं मलाही आवडतं. सण बायकांच्याच हातांनी उभा राहतो.

मग मी माझा मुद्दा मांडते. भारतातल्या कॅथलिक बिशपांची परिषद 2008 मध्ये जमशेदपूरला भरली होती. तिचा विषयच चर्च आणि समाजातलं स्त्रियांचं सक्षमीकरण हा होता. त्यातून 2010 मध्ये भारतीय कॅथलिक चर्चचं लिंगभाव धोरण आलं. कॅथलिक महिलांच्या राष्ट्रीय परिषदेची रचना धर्मग्रामापासून देशपातळीपर्यंत आहे. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांची दारं स्त्रियांसाठी रीतसर उघडली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, इतिहासात पहिल्यांदा स्त्रियांनी मतदान केलं. त्या 54 जणी होत्या.

“एवढं सगळं रोममध्ये आणि जमशेदपूरला झालं. आपल्याकडे काय?” एक ज्येष्ठ मावशी विचारतात. त्या रेल्वेतून निवृत्त झाल्या आहेत. हिशेबात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

तोच माझा प्रश्न आहे. चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असावी लागते आणि तिच्यात प्रापंचिक स्त्रियाही बसू शकतात. चर्च झाडायला, फुलं लावायला, जेवण वाढायला बायका असतात. हिशेबाच्या टेबलाभोवतीही त्या असायला हव्यात. मावशी, तुम्ही का नाही?

पलीकडून थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मावशी म्हणतात, “फादरांशी मीच बोलते.”

रात्री 9.30

सभेपुढे ठेवायचे ठराव कागदावर उतरवते.

पहिला, दर महिन्याच्या सभेत अर्धा तास कायदा, आरोग्य किंवा शासकीय योजनेसाठी. वारसाहक्कापासून सुरुवात. आज फोन करणाऱ्या बाईची परवानगी घेऊन, तिचं नाव न घेता.

दुसरा, सोबतीची यादी. दवाखान्यात, तहसीलमध्ये, न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात कुणाही बाईसोबत जाऊ शकतील अशा सभासदांची नावं आणि त्यांचे मोकळे वार. बाई कोणत्याही धर्माची असो.

तिसरा, धर्मग्रामाच्या समित्यांमध्ये बायकांची नावं सुचवायची आणि ती लेखी द्यायची.

चौथा, मुलींसाठी. नर्सिंग, शिक्षण, बँक, पोलीस, शेती यांत काम करणाऱ्या आमच्यातल्याच बायकांनी वर्षातून एकदा त्यांच्याशी बोलायचं. मेरी ग्लोरींच्या हाती पडलेल्या पुस्तिकेने एवढं घडवलं, तर समोरासमोर झालेल्या बोलण्यातून काय घडेल!

रात्रीची जपमाळ आम्ही तिघं मिळून म्हणतो. मुलगा अर्ध्यावर पेंगतो. उद्या गुरुवार, गरोदर मातांची तपासणी. सकाळी रक्तदाबाच्या मशीनचा सेल बदलायचा आहे.

हा दिवस वाचणाऱ्या प्रत्येक भगिनीला माझं एक सांगणं आहे. तुमच्या गावात, धर्मग्रामात, मोहल्ल्यात किंवा गल्लीत महिलांचं मंडळ असेल, तर त्याच्या इतिवृत्ताची वही उघडून बघा. त्यात फक्त सणांची नोंद असेल, तर पुढच्या सभेत हात वर करा आणि सोमवार ते शनिवारच्या एखाद्या प्रश्नासाठी अर्धा तास मागा. मंडळ नसेल, तर पाच जणी जमवून सुरू करा. संघटना मोठी करायला रोमला जावं लागत नाही. अडलेल्या बाईसोबत जामनेरच्या तहसीलपर्यंत जावं लागतं.